वाटीवरचा चमचा

जीभ काढल्यापासून आई नळीतून जेवायची आणि मेलबर्नला शिकणाऱ्या लेकीच्या जिभेनं चवी घ्यायची. शाल्मली दर शनिवारी नव्या खानावळीतून व्हिडिओवर पदार्थाचं वर्णन करी. आवडलं तर आई वाटीवर चमचा एकदा वाजवी, नावडलं तर दोनदा. कारल्याच्या तर नुसत्या नावानं वाटी बडवायची. म्हणून आज शाल्मलीनं तिला चिडवायला चिनी खानावळीत मुद्दाम कारल्याचं सूप मागवलं.

व्हिडिओ बंदच होता. "रेंज नाही गं," बाबा म्हणाले. "सांग तू, आई ऐकतेय. परवाच्या परीक्षेचा ताण घेऊ नकोस."

"आई, कारल्याचं सूप! कडूजहर!"

मग चमचा वाजला. एकदाच, हळूच.

शाल्मलीनं वाडगा बाजूला सरकवला.

"बाबा, कधी गेली?"