डेंटिस्टच खुनी

खुनी डेंटिस्टच, दुसरं कोणी असूच शकत नाही. कादंबरीकार बाईंनी पुस्तक पोटावर उपडं ठेवलं आणि उशीखाली पेन्सिल चाचपली.

हा त्यांचा जुना खेळ. स्वतःच्या कादंबरीवर शेवटचा हात फिरवायचे दिवस आले की त्या भारदस्त पुस्तकांना शिवत नसत. दुसऱ्याची वाक्यं आपल्या वाक्यांना चिकटतात म्हणे. तेव्हा दुपारी फक्त रहस्यकथा. संशय आला की मागच्या कोऱ्या पानावर खुन्याचं नाव लिहून ठेवायचं आणि पुस्तक संपलं की ते नवऱ्याच्या नाकासमोर नाचवायचं. नवरा बाईंचे सगळे खर्डे कॉम्प्युटरवर टाइप करून द्यायचा, म्हणून घरात त्याचं नाव टायपिस्टसाहेब.

बाईंनी मागचं पान उघडलं. पान कोरं होतं, पण गुळगुळीत नव्हतं. खोडरबराने घासून घासून कागद पातळ झाला होता. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात तिरका धरला, तेव्हा पेन्सिलीचे वळ दिसले. डेंटिस्ट. त्याच्या खाली, जरा वाकडं, पुन्हा डेंटिस्ट. शिरोरेघ न देता, घाईघाईत. या घरात असं एकच माणूस लिहितं, त्या स्वतः.

पुस्तक तर साहेबांनी कालच आणून दिलं होतं, "घे, नवं कोरं," म्हणत. बाईंनी डोळे मिटून शेवट आठवून पाहिला. पकडला जातो का तो डेंटिस्ट? कुठे, कसा? काही केल्या आठवेना.

त्या उठून लिहायच्या टेबलाशी गेल्या. सकाळीच एक प्रसंग सुचला होता: घर विकून निघालेली नायिका दाराला कुलूप लावते आणि सवयीने बेल वाजवते. कितीतरी दिवसांनी एवढं झकास काही सुचलं, म्हणून बाई स्वतःवरच खूश होत्या. आता त्यांनी खाली बसून टेबलाखालचं जुन्या खर्ड्यांचं खोकं ओढलं.

वरच्याच खर्ड्यात ती बेल होती. शब्दन् शब्द तोच. त्यावर त्यांच्याच लाल शाईची फुली आणि शेजारी शेरा: फार गोड झालंय, काढा. त्याखालच्या खर्ड्यातही बेल, त्यावरही फुली. तिसरा गठ्ठा उचलायचं त्यांना धैर्य झालं नाही.

म्हणजे साहेबांनी ती बेल दर वेळी टाइप केली होती, दर वेळी काढली होती, आणि तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. आज सकाळीसुद्धा ते म्हणाले होते, "वा! हे कसं सुचलं गं तुला?"

बाई घाबरल्या. बाजारात आईचा हात सुटलेलं मूल घाबरतं, तशा.

बाहेर पावलं वाजली. त्यांनी खोकं पायाने आत सारलं आणि पुस्तक घेऊन पलंगावर बसल्या. साहेब चहा घेऊन आले. त्यांनी आधी पुस्तकाकडे पाहिलं, मग बाईंच्या चेहऱ्याकडे.

"घाम का आलाय गं एवढा?"

"उकडतंय."

"बरं. मग, सापडला का खुनी?"

साहेबांच्या शर्टाच्या खिशातून खोडरबराचं पांढरं टोक डोकावत होतं. टाइप करणाऱ्याला खोडरबर कशाला लागतं, असं बाईंनी मागे एकदा विचारलंही होतं. काय उत्तर मिळालं, ते आता आठवेना.

"अहो..."

"काय?"

कपबशी किणकिणली. बाईंनी साहेबांच्या डोळ्यांत पाहिलं. ते बाईंपेक्षाही जास्त घाबरलेले होते.

"काही नाही. शेवट सांगू नका हं मला."

"मी कशाला सांगतोय? मी वाचलंय कुठे!" साहेब हसले आणि दुसरीकडे बघू लागले.

बाईंनी मागचं पान उघडलं आणि त्यावर डेंटिस्ट असं लिहिलं. फक्त या वेळी पेन्सिल अगदी हलक्या हाताने चालवली. पुन्हा खोडताना कागद फाटायला नको.