साक्षीदाराची ओळ

नरसिंग राव नावाच्या कुणा माणसानं कर्ज बुडवलं होतं, आणि वसुलीवाले मूर्ख रोज सकाळी फोन मला करत. चाळीस वर्षं वकिली केलेल्या माणसाला.

"साब, नरसिंग राव कू फोन देव."

"तो इथं नाही. बरकतपुऱ्यातल्या या घरात मी एकटा राहतो."

"फिर पीछे कौन खाँस रा?"

धमकावण्याची ही नवी तऱ्हा. पुढं फोन करणारा पोरगा बदलला, त्याच्या जागी बाई आली, तरी प्रत्येकाला माझ्यामागे तोच खोकला ऐकू येई. एकाच शाळेत शिकलेली गाढवं, दुसरं काय.

शेवटी मी स्टँपपेपरवर, वर माझा पत्ता घालून, प्रतिज्ञापत्र लिहिलं: या घरात मी एकटाच राहतो. साक्षीदाराची ओळ रिकामी ठेवली. असल्या फडतूस लोकांसाठी कुणाकडे सही मागायला जाणं मला कमीपणाचं वाटलं. कागद टेबलावर ठेवून आंघोळ उरकली, मग त्याची घडी घालून अफझलगंजच्या पोस्टातून वसुलीवाल्यांना रजिस्टर केला. स्वतःचं लिखाण मी दोनदा वाचत नाही.

फोन बंद झाले. आठवड्यानं उत्तर आलं: साक्षीदाराची सही असल्यानं आपलं म्हणणं मान्य केलं आहे. सोबत माझ्याच कागदाची प्रत होती. सही कुणाची, हे त्या मूर्खांनी वाचलंही नव्हतं.

मी कोरी सोडलेल्या त्या ओळीवर परक्या, वळणदार अक्षरात नाव होतं, नरसिंग राव.

आणि खाली, पत्त्याच्या जागी: वरीलप्रमाणे.