गडव्याची खणखण

अडुसष्ट सालचा उन्हाळा. राजापेठेतली दुपार चिडीचूप होती, आणि बाजेच्या पायाला टेकलेला पाण्याचा पितळी गडवा एकाएकी खणखणू लागला.

पंचफुला चुलीपासून धावत आली. बाजेवर तिचा हृदयाच्या दुखण्यानं खंगलेला नवरा बुधाजी पडला होता आणि त्याच्या कुशीत पाच वर्षांची ललिता झोपली होती.

मुंबईला म्हणे हृदय बदलतात, हे रेडिओवर ऐकल्यापासून पंचफुलानं तीच आस धरली होती. पण कालच डॉक्टर म्हणाले, "यांच्या रक्ताच्या नळ्यांत चरबीचे थर बसलेत, बाई. वरून बिड्या. नवं हृदय बसवलं तरी टिकायचं नाही."

तिनं बुधाजीच्या छातीला कान लावला. धडधड इतकी जोरकस, की बाज हलत होती!

"अवो, आयकता काय? कसं धावून राह्यलं!"

बुधाजी उठून बसला. त्याच्या ओठांवर रंग आला होता. "पाहून काय राह्यली? भाकर आन. आन तुह्या मुंबईवाल्यायले सांग, गिऱ्हाईक गेलं म्हना!"

ती हसली, रडली, तिनं पुन्हा कान लावला. ठोके भरभर पडत होते, चिमण्या जिवासारखे. ललिताला अंगावर पाजताना तिनं असेच ऐकले होते.

तेवढ्यात ललिता जागी झाली. दोन्ही हात छातीवर दाबून ती म्हणाली, "माय वं, माह्या छातीत काहून काहीच नाही वाजून राह्यलं?"