धाकटीचा डबा

“बाई, ढोलीने आजसुद्धा बहिणीचा डबा फस्त केला!”

मधली सुट्टी नुकतीच संपली होती. नाचाच्या बाईंनी वळून पाहिलं.

“कुणी बघितलं?”

“सगळ्यांनी! जिन्याखाली आमच्याकडे पाठ करून बसते आणि दोन्ही डबे चाटूनपुसून लख्ख!”

ढोली दारातच उभी होती. अंगाने आडवी, पण तालाला अशी पक्की की चुकलेली रांग तिच्याकडे बघून सावरायची. यंदा शाळेच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत नाचायचं, एवढाच तिचा ध्यास. धाकटी बहीण मात्र वेताची छडी. “कंबर असावी तर अशी,” असं बाई तिच्याकडे बोट दाखवून म्हणत. “जप हो, नाहीतर थोरलीच्या वळणावर जाशील!”

मागच्या आठवड्यात धाकटीला तालमीत भोवळ आली होती. बाईंना आता उलगडा झाला.

“काय गं, तिचा डबा तू खातेस?”

ढोलीने धाकटीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली होती.

“खाते. भूक लागते मला.”

मुली फिदीफिदी हसल्या. “बाई, स्टेज मोडेल हं!”

“मोडलं तर तुम्हीच उडाल,” ढोली म्हणाली. “मी काही जागची हलायची नाही.”

“वर तोंड करून बोलतेस? सख्ख्या बहिणीच्या तोंडचा घास काढतेस आणि लाज नाही? उद्यापासून दोघींनी वेगवेगळं बसायचं. नाही बसलात, तर तू नाचात नाहीस.”

ढोलीचे डोळे भरून आले. हनुवटी मात्र खाली आली नाही.

“मग काढा मला.”

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाई मागच्या बाजूने गेल्या. आज रंगेहाथ पकडायचंच, म्हणून जिन्यामागच्या खिडकीतून डोकावल्या.

ढोली अंगणाकडे पाठ करून, वाट अडवून बसली होती. तिचा डबा केव्हाच संपला होता. हात मांडीवर होते. तिच्यापुढे, भिंतीशी अंग चोरून, धाकटी भराभर घास गिळत होती.

“ताई, मला खाताना बाईंनी बघितलं तर?”

“तू खा गं,” ढोली म्हणाली. “माझ्याआड तू कुणाला दिसत नाहीस.”