मोतीरामचं दुखणं

"सारेच काढून टाक," मोतीराम म्हणाला.

निवृत्ती न्हाव्याचा वस्तरा हातातच राहिला. "मायबाप तं कवाचेच गेले तुह्ये. मंग डोस्कं काऊन बोडतं?"

"मुंबईच्या सुईनं केस झडतात. मुठीमुठीनं हातात येतात. म्या पाह्यलं."

निवृत्तीने वस्तरा चालवला. उखळाशी बसलेल्या सत्यभामाबाईने पदर कपाळावर आणखी ओढला आणि तोंड फिरवलं.

मोतीरामला गाठीचं दुखणं झालं, ही बातमी रोहिणखेडात घरोघरी पोचली होती. इंग्रज जाऊन फार दिवस झाले नव्हते, आणि त्या दुखण्यावरची सुई तर त्याहून नवी. मग काय, ओसरीवर शहाण्यांची रीघ लागली. कोणी काढा सांगे, कोणी गंडा. बाया दारातूनच डोळ्यांना पदर लावत. मोतीराम बाजेवर पडून सगळ्यांचं ऐकून घेई आणि सगळ्यांसमोर बिनतिखटाची पेज पिई. ठेच्याशिवाय घास न उतरणारा माणूस तो! सत्यभामाबाईही तीच पेज प्यायची.

"नवऱ्यापायी वाळून गेली बिचारी," बाया म्हणत.

मागच्या साली गावातल्याच मंजुळाबाईला हेच दुखणं झालं होतं. जो आला तो रडायलाच आला. तिला हळदीकुंकवाचं बोलावणं येईनासं झालं. औषध राहिलं बाजूला, लोकांनी जित्तेपणीच तिची माती करून टाकली. मोतीरामला त्याची भयंकर चीड होती.

"कायले जातं पुन्हा मुंबईले?" म्हातारे भगवंतराव त्याला म्हणाले. "राह्यलेले दिवस घरी सुखानं काढ ना."

"एकच सुई राह्यली, दादा. अर्ध्यात सोडाची नाही."

तेवढ्यात शेजारची वच्छलाबाई आली. तिच्या वावरात कापसाची वेचणी लागायची होती. त्याआधी सीतादहीची पूजा, दहीभाताचा नैवेद्य, म्हणून ती सवाष्णी गोळा करत होती.

"येतं का वो, सत्यभामा? पन यायले असं टाकून..."

"जाय तू," मोतीराम बाजेवरून म्हणाला. "मी हाय ना पडून."

ती गेली. तिने वावरात गाणी म्हटली, सगळ्यांना कुंकू लावलं, पोट धरधरून हसली. "नवरा बाजेवर, अन् हिले हासू सुचते!" कोणीतरी बोललंच. ते ओसरीपर्यंत आलं. मोतीरामला इतका आनंद झाला की त्याने आणखी वाटीभर पेज मागितली.

दिवाळी झाली आणि दोघं मलकापूरला आगगाडीत बसली.

इस्पितळात नर्सने सुई भरली. मोतीरामच्या गुळगुळीत डोक्याकडे तिने दोनदा पाहिलं.

"अगं बाई, तुम्हीसुद्धा? बरं, आता बाहेर बसा जरा."

मोतीराम उठून दाराबाहेर गेला. सत्यभामाबाईने आपल्या बोडक्या डोक्यावरचा पदर मागे सारला आणि दंड पुढे केला.