खोटं दार

आईला विसरायला होतं, म्हणून शिल्पकार लेकानं महिनाभर खपून वृद्धाश्रमाच्या हॉलमध्ये एक लाकडी दार उभं केलं. बेल दाबली की आतून गोड आवाज यायचा, "या, घर तुमचंच आहे." घर आठवलं की ओघानं आपणही आठवू, असा त्याचा हिशेब.

आईनं बेल दाबली आणि शेजारच्या आजींचा हात धरून जी सटकली, ती थेट सोफ्यामागे. दोघी तोंड दाबून खुदखुदल्या. गोड आवाज आला तसे त्यांचे चेहरे पडले.

"कुणी ओरडतच नाही," आई म्हणाली. "मग पळायचं कशाला?"

दुसऱ्या दिवशी लेकानं आवाज काढून टाकला आणि स्वतःच दाराआड उभा राहिला. बेल वाजताच बाहेर येऊन खेकसला, "कोण आहे रे? तंगडं मोडीन एकेकाचं."

सोफ्यामागे हसून हसून दोघींची पुरेवाट झाली.

तिसऱ्या दिवशी बेलकडे जाताना आई आजींच्या कानात कुजबुजली, "जपून हं. इथे एक खडूस म्हातारा राहतो."

दाराआड लेकानं डोळे पुसले. लेक म्हणून नसेल, पण कालचा तो आईच्या लक्षात राहिला होता.