वाकडी शिवण

शिंपीणबाईंनी नवा झगा अंगात घातला, आरशात पाठ बघितली आणि नवऱ्याला धारेवर धरलं. "अहो, पन्नास वर्षं गावाचे कपडे शिवलेत आणि बायकोच्या पाठीवर वाकडी शिवण? हात गेला तुमचा!"

"वय झालं," शिंपीबुवा म्हणाले. "गुडघा दाखवायचाय माझा, सोबत चल." दवाखान्यात मात्र खुर्चीवर त्यांनी बायकोलाच बसवलं. "डॉक्टर, हिची पाठ बघा."

एमआरआय झाला. "छातीतला जुना कॅन्सर मणक्यात उतरलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मज्जारज्जूवर दाब येतोय. पण स्वतःच्या पायांनी चालत आलात, हे फार बरं झालं. आजच उपचार सुरू करू." नेमकं कुठे, ते दाखवायला त्यांनी नव्या झग्यावरूनच पाठीवर बोट टेकवलं.

बोटाखाली शिवण नव्हती. बरोबर त्याच जागेला वळसा घालून ती पुढे गेली होती.

शिंपीणबाई नवऱ्याकडे वळल्या. "मी तर दुखण्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता."

"नाही काढलास. पण माप घेताना टेप तिथे टेकली आणि तुझा श्वास अडकला. तिथून सरळ शिवण कशी नेऊ?"